डावखुरा राखण्या

यशूच्या डाव्या हातावरून गमऱ्यांच्या घरात रोज जेवताना एक चकमक झडायची. ताटं मांडली जात, भातावर आमटी पडे, आणि यशूचा डावा हात ताटाकडे निघाला की तिची आजी सोनूबाई पळीच्या दांड्याने तो हलकेच अडवायची.

"उजव्या हातान जेव गो बाय."

"का?"

"लोक काय म्हनतील?"

"कुठले लोक?" यशू मान वळवून स्वयंपाकघरभर बघायची. घरात तिघीच असत. यशूचे वडील पोफळीला वीजघरात नोकरीला होते, ते शनिवारी येत.

यशूची आई मथुरा मध्ये पडायची. "आये, तो मेंदूचा भाग आहे. तिला वळण लावून जायचं नाही ते."

"तुझा बी गेला नाय. गुरुजींनी छडी मोडली तुझ्या बोटांवर, तरी गेला नाय."

"मग काय बिघडलं माझं?"

"बिघडला नाय, बरा झाला. पन आपल्या मानसांनी वाईच जपून ऱ्हावा. आदीच लोक आपल्याला..." एवढं बोलून सोनूबाई नातीकडे बघायची आणि उरलेलं वाक्य आमटीत बुडवायची.

कारण तसा नियमच मथुराने घातला होता. यशूला बाबासाहेबांचा फोटो ठाऊक होता, वंदना पाठ होती, आपलं नाव कुणावरून ठेवलं तेही ती सांगायची. पण आजीच्या गावात पाणी कोण कुठून भरायचं, दुकानदार पैसे कसे घ्यायचा आणि सुटे कसे टाकायचा, हे तिच्या कानावर घालायचं नव्हतं. दहा वर्षांची झाली की मीच सांगेन, मथुरा म्हणायची. सगळं सांगेन, नीट, क्रमाने, तिला पेलेल असं. यशूला तेव्हा आठवं चालू होतं.

तोवर हाताच्या भांडणात यशूकडे एक हुकमी उत्तर होतं. ते तिला आईनेच दिलेलं. "आजी, राखण्या पण डावखुराच होता!"

यापुढे सोनूबाई काही बोलत नसे. पळी भातात खुपसून ती दुसरीकडे बघत राही. नातीपुढे आपण हरतो म्हणून आई गप्प बसते, अशी मथुराची समजूत होती.

राखण्या म्हणजे सिनेमातला. हलत्या चित्रांचा, दहा-बारा मिनिटांचा छोटा सिनेमा. साठच्या सुमाराला सरकारी प्रचाराची गाडी संगमेश्वराकडच्या गावांतून फिरायची आणि खतांचे, देवीच्या लशीचे बोधपट दाखवून झाले की शेवटी पोरांसाठी म्हणून हा दाखवायची. मथुरा तेव्हा सहा वर्षांची होती, अजून शाळेत जायची होती. भाताच्या शेतावर माळ्यावर बसून पाखरं हाकणारा एक किडमिडीत पोर. त्याच्या हातात गोफण. संध्याकाळ होते, गुरं घरी निघतात, आणि हा शेवटचा दगड गरगर फिरवून जो सोडतो तो थेट चंद्राच्या कोरेला लागतो. कोर टपकन शेतात पडते. सगळ्या गावात काळोख. मग म्हातारी माणसं भांडतात, कुत्री भुंकतात, आणि शेवटी तो पोर ती कोर चिखलातून काढून, धुऊन, गोफणीत घालून परत वर भिरकावतो. बोलणं एकही नाही, नुसता ढोल आणि सनई.

आणि हे सगळं तो करतो डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी मथुराने कोळशाचा तुकडा घेऊन घराच्या बाहेरच्या भिंतीवर अख्खा राखण्या काढला होता. डाव्या हातात गोफण, वर कोर. बापाने पुसला नाही. पुढच्या वर्षी भिंत सारवेपर्यंत तो तिथे होता, आणि शाळेत डाव्या हाताने पाटी लिहिते म्हणून गुरुजींनी बोटं सुजवली की ती येऊन त्या चित्रासमोर उभी राहायची. चंद्र पाडणाऱ्याचा हात डावा, आणि परत लावणाऱ्याचाही डावा. मग गुरुजींचं काय ऐकायचं? तिने ऐकलं नाही. डाव्या हातानेच ती मॅट्रिक झाली, डाव्या हाताने प्रयोगवह्या लिहून बी.एस्सी. झाली, आणि आता रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात फळ्यावर डाव्या हाताने किरणांच्या आकृत्या काढत होती. मुलं आधी हसायची, मग सवय व्हायची.

शिक्षिका झाल्यावर त्या सिनेमाचा तिला आणखी एक उपयोग सापडला. चंद्रकला शिकवताना ती फळ्यावर दोन कोरी काढायची. उजवीकडे फुगलेली कोर संध्याकाळची, डावीकडे फुगलेली पहाटेची. मग म्हणायची, "मी लहानपणी एक सिनेमा पाहिला. त्यात गुरं घरी चाललीत, दिवे लागलेत, आणि आकाशात कोर कुठली? डावीकडे फुगलेली! पहाटेची कोर संध्याकाळी! का? चित्रकाराने कधी मान वर करून चंद्र बघितलाच नव्हता. तुम्ही तसं करू नका. आधी बघा." हा किस्सा मुलांना आवडायचा. निरीक्षण करा हे सांगायला याहून चांगलं उदाहरण तिला मिळालं नव्हतं. कोळशाचं चित्र तिने वर्षभर पाहिलं होतं, तेव्हा आठवणीबद्दल शंका नव्हती.

घरात यशूच्या कुठल्याही 'का'वर तिचं एकच उत्तर असायचं, "चल, करून बघू." मीठ पाण्यात जातं कुठे? चल, करून बघू. मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीवर टाकतात तो बर्फ भुशात का ठेवतात? चल, करून बघू. मग दोन वाट्या, दोन तुकडे, एकीत भुसा. त्यामुळे यशूने एके दिवशी विचारलं, "आई, राखण्या खरंच डावखुरा होता? आजी कधी हो म्हणत नाही," तेव्हा मथुराला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

"चल, बघू," ती म्हणाली.

सिनेमा मिळायला वर्ष गेलं. जिल्ह्याच्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं, मुंबईला विचारावं लागलं. हेडमास्तरांनी बालदिनाच्या कार्यक्रमात घालायचं कबूल केलं, आणि अखेर पत्र्याच्या चपट्या डब्यातून रीळ आलं. सभागृहाच्या खिडक्यांना जाजमं टांगली, कचेरीचं यंत्र मधल्या वाटेत बाकावर ठेवलं, आणि भर दुपारी अंधार केला. यशूची शाळा सकाळची, म्हणून मथुरा तिला घेऊनच आली होती. दोघी पहिल्या ओळीच्या कडेला बसल्या. शेजारी मांडवकर सर होते, चित्रकलेचे. ते मथुराच्याच गावचे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, आनंदी माणूस. "गमरेबाई, आपला राखण्या!" ते म्हणाले. "पंचवीस वर्षांनी! मी तर घरून निघतानाच सनई वाजवत निघालो."

दिवे घालवण्याआधी मथुरा उभी राहिली. मुलांसमोर बोलायची तिला आवड होती. "दोन गोष्टी नीट बघायच्या," ती म्हणाली. "एक, नायकाचा हात कुठला. डावखुरे कोण कोण आहेत? हात वर करा. डावाच करा! तुमच्यासाठी हा सिनेमा आहे." हशा झाला, पाच-सहा हात वर गेले, यशूचा सगळ्यांत उंच. "आणि दुसरी, चित्रकाराची चूक. नववीच्या वर्गाला माहीत आहे. कोर बघा."

यंत्र खरखरलं. पडद्यावर आधी नाव आलं, मोठ्या वळणदार अक्षरांत, मग भाताचं शेत, माळा, आणि माळ्यावर तो.

तोच पोर. तेच मोठे कान, तीच कमरेची लंगोटी. ढोल सुरू झाला तसा यशूने तिचा दंड धरला. पोराने गोफणीत दगड घातला, ती डोक्याभोवती फिरवली आणि सोडली.

उजव्या हाताने.

मथुराला वाटलं, पुढच्या वेळी हात बदलेल. पोपटांचा थवा उडाला, त्याने दुसरा दगड घातला. उजव्याच हाताने. तिसरा, उजव्याच. यशूची बोटं तिच्या दंडावरून हळूहळू सैल झाली.

मग गुरं निघाली. ती पण उलटी. मथुराच्या आठवणीत गुरं डावीकडून उजवीकडे जात, इथे उजवीकडून डावीकडे चालली होती. दिवे लागले. कोर वर आली.

मागच्या अंधारातून एका मुलाचा प्रामाणिक आवाज आला. "बाई, कोर बरोबर आहे!"

"उजवीकडेच फुगलीय, बाई," दुसरा म्हणाला. आणि मग सगळा नववीचा वर्ग खुसखुसायला लागला.

मथुराने पहिल्यांदा केला तो विचार यंत्राचा. रीळ उलटं लावलंय. डाव्याचं उजवं झालंय. ती उठायच्या बेतात होती आणि तेवढ्यात तिला सुरुवातीचं नाव आठवलं. अक्षरं सुलटी होती. वाचता आली होती. रीळ उलटं असतं तर अक्षरं उलटी दिसली असती.

ती परत बसली. समोर म्हातारी माणसं भांडत होती, कुत्री भुंकत होती, सभागृह हसत होतं, आणि मथुरा गणित सोडवावं तसं एकेक पायरी उतरत होती. आज अक्षरं सुलटी आहेत, म्हणजे आजचा हात खरा. तेव्हाचा हात उलटा, गुरं उलटी, कोर उलटी. तिन्ही एकदम उलटी, म्हणजे आठवणीची चूक नव्हे. आठवण एवढ्या शिस्तीत चुकत नाही. तेव्हा अक्षरंही उलटी असणार, पण सहा वर्षांच्या पोरीला अक्षरं येत नव्हती. डावं-उजवं सगळं बदलतं कधी? दरवर्षी ती हे आठवीला दाखवायची. पातळ कागदावर आपलं नाव लिहा, कागद खिडकीला धरा आणि मागच्या बाजूने बघा.

मागच्या बाजूने.

देवळापुढच्या पटांगणात दोन बांबू रोवून चादर बांधलेली होती. गाडी एका बाजूला. त्या बाजूला गाव बसलेलं, खोतांच्या घरच्या बायका घोंगड्यांवर, पोरं पुढे. आणि चादरीच्या पलीकडे, जिथे पटांगण संपून काजूंचा उतार लागतो, तिथे त्यांच्या वाडीची माणसं. मथुराला ते सगळं स्वच्छ आठवत होतं. बुडाखालचा टोचरा कातळ, चादरीची भिजट झळाळी, आईच्या लुगड्याचा वास. आपण पुढे का नाही बसत, असं तिने विचारलंही होतं. आई म्हणाली होती, "फुडं यंत्राचा उजेड डोळ्यांत जातो. डोळे जातात मानसाचे. मागं बसावा शान्या मानसान."

पाणवठा तिला कळला होता, देऊळ कळलं होतं, दुकानदाराचा हात कळला होता. मोठी झाल्यावर तिने एकेक गोष्ट काढून, ओळखून, तिचा संताप करून ठेवला होता. पण सिनेमाच्या त्या संध्याकाळी तिने कधी हात घातला नव्हता. ती संध्याकाळ चांगली होती. गावात आपल्याला मिळालेली एक तरी चांगली, फुकटची, सगळ्यांसारखी गोष्ट.

कोर आकाशात गेली. उजव्या हाताने. दिवे लागले, जाजमं निघाली.

"बाई, तो डावखुरा नव्हता," पुढच्या ओळीतली मुलगी म्हणाली. मुलं टाळ्या वाजवत होती, काही तोंड दाबून हसत होती. मथुराला उठून काही सांगायला हवं होतं.

तिच्या मदतीला मांडवकर सर उठले.

"अरे, हसता काय! बाईंची काही चूक नाही त्यात," ते मोठ्याने, मायेने म्हणाले. "चित्र मागून बघितलं की उलटं दिसतं. चित्रकलेत सांगितलंय ना मी? बाई तेव्हा पडद्याच्या मागच्या बाजूला बसायच्या. त्यांची मंडळी मागेच बसायची." मग ते मथुराकडे वळले, डोळे लकाकत होते. "आणि आठवतं का हो तुम्हाला? शाळेत आल्या आल्या तुम्ही आम्हाला काय सांगितलंत? म्हणे पुढे बसू नका, तुमचे डोळे जातील! केवढे हसलो होतो आम्ही! आठवडाभर पोरं डोळे मिटून चाचपडत चालायची तुमच्यापुढे. काय दिवस होते!"

मुलं आता मोकळेपणाने हसली. सरही हसले. मांडवकरांच्या चेहऱ्यावर मथुराने कुठेतरी ओशाळलेपणाची एखादी सुरकुती शोधली, पण तिथे नुसतं बालपण होतं, स्वच्छ आणि सुखाचं.

"आई," यशू म्हणाली, "मागे म्हणजे कुठे?"

"घरी चल," मथुरा म्हणाली.

वाटेत यशू हात धरायला तयार नव्हती. चिऱ्याच्या गडग्याला बोट घासत ती पुढे पुढे चालत होती. वळणावर थांबून तिने एकदाच मागे बघितलं. "सगळ्यांपुढे मी हात वर केला होता," ती म्हणाली.

सोनूबाई मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. यशू पाय धुवायला गेली तेवढ्यात मथुरा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आये, तो डावखुरा नव्हता."

सोनूबाईने विळीवरून मान वर केली नाही. "कोन?"

"तुला माहीत आहे कोण. आपण चादरीच्या मागे बसत होतो."

"व्हय. मग फुडं काय आपल्याला पाट मांडून बसवनार व्हते?"

"तुला तेव्हापासून ठाऊक होतं? त्याचा हात उजवा आहे, हे?"

"ढोलवाला दादू गेलेला फुडं वाजप घेऊन. त्याने बघितलान, त्याने सांगितलान." सोनूबाईने बांगड्याचं पोट साफ करून तो पाण्यात टाकला. "तू भितीवर चित्र काढलंस. गुरुजींचा मार खाऊन येयाचीस नि त्याच्याकडं बघत बसायचीस. मी काय सांगू तुला? का तो बी तुझा नाय म्हनून?"

"आणि डोळे जातात ते?"

"पोर विचारते का नाय बसायचा. काय सांगायचा ते तू सांग. तू मास्तरीण हायस." तिचा आवाज चढला. "दहा वर्साची झाली की सांगनार हायस ना तू? नीट, क्रमानं? मना नव्हतं जमत क्रमानं. तू हसत व्हतीस त्या वक्ताला, टाळ्या पिटत व्हतीस. मी म्हटला, हसू दे."

शाळेत पोरं आपल्यापुढे डोळे मिटून चालायची, ते मथुराला आठवलं. तिला तेव्हा वाटलं होतं, खरंच उजेड लागला यांना. घरी येऊन तिने आईला सांगितलंही होतं, आणि आईने तिला जवळ ओढून उगीचच तिचे केस विंचरले होते.

संध्याकाळी ताटं मांडली. बांगड्यांचं तिखलं, भात. सोनूबाईने सवयीने पळी हातात घेतली, पण अडवायचं कारण पडलं नाही. यशू उजव्या हाताने जेवत होती. बोटं नीट वळत नव्हती, निम्मा भात वाटेत सांडत होता, रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता. डावा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता.

"शाबास गो माझी बाय," सोनूबाई म्हणाली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"यशू, डाव्या हाताने जेव," मथुरा म्हणाली.

"नको. राखण्या उजव्या हाताचा आहे. तू खोटं सांगितलंस."

"मी खोटं नाही सांगितलं. मला तसंच दिसलं. मी पडद्याच्या मागून बघत होते."

"पण मागून का बघायचं?"

मथुराने तोंड उघडलं, पण सोनूबाई आधी बोलली. सहज, जुन्या सरावाने, ताटातला काटा बाजूला करत.

"फुडं यंत्राचा उजेड डोळ्यांत जातो, बाय. मागं वारा लागतो, गर्दी नसते. मागची जागा लय भारी."

यशूचा चेहरा उघडला. मांडीखालचा हात आपोआप बाहेर आला. "म्हणजे मागे बसलं की राखण्या डावखुरा होतो?"

"व्हय तर."

"आई! पुढच्या वेळी मी पण मागे बसणार! सगळ्या डावखुऱ्यांना घेऊन मागे बसणार!" आणि तिने डाव्या हाताने भाताचा घास उचलला, न सांडता.

सोनूबाईने मथुराकडे बघितलं. जेव म्हणाली ती डोळ्यांनीच, जेव आता, हसू दे तिला.

मथुराने हात धुतला नाही, ताट सरकवलं नाही. "नाही," ती म्हणाली. "मागे बसायचं नाही, यशू. कधीच नाही. उजेडाने कुणाचे डोळे जात नाहीत. गावातल्या लोकांना आम्ही शेजारी बसलेलं चालत नव्हतं. आमचा स्पर्श चालत नव्हता. म्हणून आम्हाला मागे बसवायचे, उतारावर. आजीला, मला, आपल्या सगळ्या वाडीला."

ना नीट, ना क्रमाने. सोनूबाई उठली आणि मोरीकडे गेली.

यशूच्या हातातला घास तसाच राहिला. ती विचार करत होती, कपाळाला मथुराचीच आठी घालून.

"मांडवकर सर पुढे बसायचे?"

"हो."

"त्यांना माहीत होतं, तुम्हाला का मागे बसवायचे ते?"

"तेव्हा नसेल. आता आहे."

"मग ते आज हसत का होते?"

मोरीत पाणी पडत होतं. यशू आईच्या तोंडाकडे बघत थांबली, आता ती म्हणेल, चल, करून बघू. मथुरा यशूच्या ताटाभोवती सांडलेली शितं वेचू लागली. थोड्या वेळाने यशूने हातातला घास ताटात परत ठेवला आणि ती दोन्ही हात परकराला पुसू लागली.